बेट सोडून गेलेल्यांनी आपलं बेट पोरांना कसं दाखवावं

डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेल, कुठेही जा, बिल्डिंगमध्ये एक तरी माणूस असा असतोच की ज्याचा जन्म लालबागचा नाहीतर गिरगावचा नाहीतर माहीमचा, आणि त्याच्या पोराला विचारा तुझं गाव कुठलं तर ते सांगतं कणकवली किंवा कराड, मुंबईबद्दल त्याला एवढंच माहीत की पप्पा रोज तिकडे जॉबला जातात. आणि ह्यात पोराची काय चूक, आपणच कधी सांगितलं नाही. आपल्यालाही लहानपणी विचारायचे तेव्हा आपण बाबांचं गाव सांगायचो, चाळीतली खोली ही तात्पुरती, खरं घर गावाला, असंच सगळे धरून चालायचे. मग गावचं घर भावकीत गेलं, चाळ बिल्डरकडे गेली, आणि आता घर कुठलं म्हटलं की माणूस दोन सेकंद थांबतो.

हे आपल्या एकट्याचं नाही बरं का. मुंबई शहर जिल्हा म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचं जुनं बेट, तिथे २००१ च्या जनगणनेत ३३ लाख ३८ हजार लोक होते, २०११ ला ३० लाख ८५ हजार. सगळीकडे लोकसंख्या वाढत असताना ह्या बेटावरून मात्र अडीच लाख माणसं कमी झाली. त्यातला प्रत्येक जण कुठेतरी टेम्पोत सामान भरून गेलेला आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आत कुठेतरी वाटतं की आपण घर सोडून आलो.

माझं म्हणणं एवढंच आहे की खोली गेली असेल पण बेट गेलेलं नाही. दहा बाय बाराच्या खोलीलाच घर धरून बसलात तर ती परत मिळणार नाही, पण ज्या बेटावर ती खोली होती ते बेट अजून जागच्या जागी आहे, त्याला रोज दोनदा भरती येते, त्याच्या टेकड्या आहेत, कडे आहेत, देव आहेत, जुनी माणसं आहेत, आणि ते पोरांना दाखवता येतं, पायाने फिरवता येतं. कसं दाखवायचं ते खाली लिहितोय. माझं लहानपण परळचं आणि सध्या मुक्काम डोंबिवली, त्यामुळे परळ-वरळीकडे जरा जास्त झुकलंय, गिरगावकरांनी आणि माहीमकरांनी आपापली भर घालावी.

आधी आपलं बेट कुठलं ते नक्की करा

मुंबई सात बेटांची हे सगळ्यांना पाठ असतं पण आपण कुठल्या बेटावरचे ते कोणी सांगू शकत नाही. तर ढोबळ हिशोब असा. कुलाबा आणि धाकटा कुलाबा ही दक्षिणेची दोन. मग मुंबई बेट, त्यात मलबार हिल, गिरगाव, फोर्ट, डोंगरीकडचा भाग. त्याच्या पूर्वेला माझगाव. पश्चिमेला वरळी, हे लांबुळकं बेट, हाजीअलीच्या बाजूपासून वर वरळी गावाच्या टोकापर्यंत. त्याच्या वर माहीम. आणि परळ हे सगळ्यात ऐसपैस, त्यात शिवडी, वडाळा, माटुंगा, सायन, धारावीपर्यंतचा पट्टा. वांद्र्यापासून पुढे साष्टी, ते वेगळं बेट, त्याचा अभिमान तिकडच्यांनी बाळगावाच पण ह्या सातात ते येत नाही.

आता तुमचा जुना पत्ता काढा. घरात एखादं जुनं पोस्टकार्ड, रेशनकार्ड, शाळेचा दाखला असेलच. जुनी माणसं पत्ता सांगताना मुंबई बारा, मुंबई चार, मुंबई सोळा असं म्हणायची, तेच आजच्या पिनकोडचे शेवटचे आकडे, ४०००१२ म्हणजे परळ-लालबाग, ४०००१० माझगाव, ४००००४ गिरगाव, ४०००१६ माहीम. तो नंबर पोराला पाठ करायला लावा, मोबाईल नंबर पाठ असतो तसा.

पत्ता सापडला पण दोन बेटांच्या मधोमध येतोय, असंही होतं, कारण मधला समुद्र आणि खाजण बुजवूनच तर आजची मुंबई झालीय. अशा वेळी पावसाला विचारायचं. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी कुठे साठतं ते बघा. दादर-परळच्या मधला हिंदमाताचा भाग बशीसारखा खोलगट आहे, आजूबाजूचं सगळं पाणी तिथे उतरतं, आणि परळ गावाकडे किंवा वरळीच्या टेकडीकडे मात्र रस्ता चढत जातो. चढ म्हणजे जुनी जमीन आणि पाणी तुंबतं ती बहुतेक भराव टाकलेली नाहीतर पूर्वीपासूनची सखल जागा, हे काही शंभर टक्के गणित नाही पण फिरताना ह्याच नजरेने बघायला लागलात की रस्ताच सांगायला लागतो. पोरांना हे फार आवडतं, बसमध्ये बसल्या बसल्या ओरडतात, पप्पा चढ आला, बेट आलं.

दिवस ठरवताना तिथी बघा

बहुतेक जण रविवार बघून जातात आणि समुद्र भरलेला असतो, मग कठड्यावर बसून भेळ खाऊन परत. बेट बघायचं तर ओहोटी पाहिजे. ओहोटीला बेटाचे खडक उघडे पडतात, तेव्हा कळतं की काँक्रीटच्या खाली हे काय आहे.

ह्याचं गणित आपल्याकडे किनाऱ्यावर सगळ्यांना तोंडपाठ होतं आणि ते अगदी सोपं आहे, म्हणून पोरांना पहिल्यांदा हेच शिकवा. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. शुक्ल पक्ष असो की वद्य, गणित तेच, पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, म्हणून निघायच्या आधी मोबाईलवर त्या दिवसाचं भरतीचं टाइमटेबल एकदा बघून घ्या, पण अंदाज आपला आपल्याला आला पाहिजे.

आता ह्यातून सोयीचा दिवस काढू. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल, पाणी लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार चढतही नाही फार उतरतही नाही. म्हणून अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी मिळते खरी पण खडक पाहिजे तेवढे उघडे पडत नाहीत, आणि डोक्यावर ऊन. त्रयोदशी घ्या. तेराची पाऊणपट पावणेदहा, अधिक सव्वासहा तास, म्हणजे चारच्या सुमाराला ओहोटी आणि उधाणही जवळ आलेलं. शनिवार-रविवारी त्रयोदशी-चतुर्दशी येत असेल तर तो दिवस सोडू नका, ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात बेस्ट. पावसाळ्यात खडकांवर अजिबात जायचं नाही, चार महिने लांबूनच बघायचं, आणि इतर वेळीही पाणी परत फिरलं की लगेच वर यायचं, पोरं सोबत असताना हे फार सांभाळा.

वरळी गाव, कडेने

एकच ठिकाण दाखवायला वेळ असेल तर वरळी कोळीवाडा दाखवा. बेटाचं टोक म्हणजे काय ते इथे डोळ्यांना दिसतं. गावातून चालत चालत किल्ल्यापर्यंत जायचं, इंग्रजांनी १६७५ च्या सुमाराला बांधलेला छोटासा किल्ला आहे, समोर माहीमची खाडी, पलीकडे वांद्रे, आणि मधून सी लिंक गेलेला. तिथे उभं करून पोराला सांगायचं की हे समोरचं पाणी ओलांडायला होडी लागायची, आत्ता जो पूल दिसतोय तो २००९ चा.

ओहोटीला गेलात तर खडकांवर बायका बसलेल्या दिसतील, हातात छोटं लोखंडी हत्यार, खडकाला चिकटलेली कालवं फोडून आतलं मांस डब्यात काढत असतात. एकदा नीट थांबून बघा. एका कालवात जेमतेम बोटाच्या पेराएवढा गोळा निघतो, एक डबा भरायला किती वेळ जातो ते दिसतं, आणि त्यांची नजर सतत पाण्याकडे असते, पाणी फिरलं की त्यांना आधी कळतं, आपल्याला घोट्यापर्यंत आल्यावर कळतं. पोराला विचारू दे त्यांना, मावशी हे काय आहे म्हणून. विचारून मग फोटो. न विचारता कॅमेरा काढायचा नाही, हे कोणाचं तरी कामाचं ठिकाण आहे आणि कोणाचं तरी अंगण. बांबूवर बोंबील वाळत असतील तर त्याच्या खालून वाकून जाऊ नका, बाजूने जा. आणि येताना मासे तिथेच घ्या, दर फार पाडून मागू नका.

गोलफादेवीला जाऊन या. कोळी लोक मोठं काही ठरवायचं असेल तर इथे कौल लावतात, लग्न असो नाहीतर नवीन बोट असो.

आणि एक गोष्ट पोरांना इथेच उभं राहून सांगा, ती पुस्तकात मिळणार नाही. कोस्टल रोडचे खांब समुद्रात येणार होते तेव्हा वरळीच्या कोळ्यांनी सांगितलं की दोन खांबांमधलं अंतर आमच्या बोटींना पुरणार नाही, लाटेत बोट हलते, सरळ रेषेत जात नाही. त्यांनी २०० मीटर मागितले होते, प्लॅनमध्ये ६० होते, काम अडलं, आंदोलनं झाली आणि शेवटी २०२२ साली सरकारने १२० मीटर मान्य केले. इथलं पाणी कसं वागतं हे त्यांना माहीत होतं आणि त्या जोरावर त्यांनी एवढा मोठा प्रोजेक्ट बदलायला लावला. बेटाचा अभिमान म्हणतात तो मला तरी असा दिसतो. गाडीच्या मागे स्टिकर लावून दहा वर्षं फिरलात तरी त्याची सर येणार नाही.

परळचा शंकर

हे माझ्या घरचं, म्हणून जरा लांबण लावतो. परळ म्हटलं की लोकांना हॉस्पिटलं, गिरण्या, आता टॉवर, एवढंच आठवतं. परळ गावात बारादेवीच्या देवळात जा. १९३१ साली परळहून शिवडीकडे रस्ता करताना खणताना एक प्रचंड मूर्ती सापडली, साडेतीन मीटर उंच, पांढरट दगडाची, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातली. म्हणजे आपल्या बेटावर पंधराशे वर्षांपूर्वी हे घडवणारे कारागीर होते आणि ते बघून हात जोडणारी माणसं होती.

मूर्ती बघताना खालून वर बघा. मधोमध शंकर सरळ उभा. त्याच्या खांद्यामागून वर दुसरा निघालाय, त्याच्यामागून तिसरा, आणि दोन्ही बाजूंनी आणखी दोन दोन, तिरके, जणू त्या मधल्या अंगातून बाहेर पडतायत. असे सात. पायाशी बुटके गण बसलेत, त्यांच्या हातात वाद्यं आहेत. काही ठिकाणी दगड पूर्ण घडवलेलाच नाही, छिन्नी अर्ध्यावर थांबलेली. का थांबली असेल हे पोरांना विचारा आणि त्यांचं उत्तर ऐका, दुरुस्त करू नका. सात मूर्ती आणि सात बेटं असं कोणीतरी हमखास जोडून सांगेल, ते ऐकायला छान वाटतं पण त्याला आधार काही नाही, तसं पोरांच्या डोक्यात भरवू नका, खरी गोष्टच एवढी मोठी आहे.

इथे रोज पूजा होते, ते म्युझियम नाही, त्यामुळे चपला बाहेर, हळू बोलायचं, आणि मूर्तीची खोली बंद असेल तर देवळातल्या माणसांना नीट विचारायचं. नाहीच जमलं तर काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तिचा साचा काढून केलेली प्रतिकृती आहे, ती दाखवा, पण पहिला प्रयत्न परळलाच करा. ज्या मातीतून निघाली तिथे ती अजून आहे ह्याची मजा वेगळी.

तिथून चालत लालबागकडे या. वडील गिरणीत असतील तर घर ते गिरणी हा त्यांचा रस्ता पोरांसोबत चाला, घड्याळ लावून. पाळी किती वाजता सुटायची, भोंगा कुठपर्यंत ऐकू यायचा, ते चालता चालता सांगा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास गिरणी कामगार त्यात होते, आणि त्यानंतर किती घरांचं काय काय झालं ते प्रत्येकाच्या घरात कोणाला तरी माहीत आहे. ते लपवू नका. आजोबांची नोकरी गेली, आजीने खानावळ चालवली, लोकांचे डबे केले, हे सांगताना आवाज खाली जायचं कारण नाही. लोअर परळच्या मॉलमध्ये जुन्या गिरणीची चिमणी अजून उभी आहे, पोरं तिथे पिझ्झा खायला जातातच, एकदा मान वर करून ती चिमणी दाखवा आणि सांगा की हिच्याखाली आपल्या माणसांनी घाम गाळलाय.

बेटं जोडली कोणी

हे थोडक्यात. हाजीअलीवरून वरळीकडे जो रस्ता जातो, आताचा लाला लजपतराय मार्ग, तिथे पूर्वी समुद्र आत घुसायचा. १७८० च्या दशकात हॉर्नबी गव्हर्नर असताना तिथे बांध घातला. बांध सारखा कोसळत होता, मग रामजी शिवजी नावाच्या पाठारे प्रभूंच्या स्वप्नात देवी आली, वरळीच्या खाडीतून मूर्ती काढल्या आणि मगच बांध टिकला, अशी कथा महालक्ष्मीच्या देवळाची सांगतात. कथा म्हणून सांगा, आणि सोबत हेही सांगा की बांधाचे दगड हजारो मजुरांनी डोक्यावरून वाहिलेत.

माहीमचा कॉजवे मात्र प्रत्येक पोराला माहीत पाहिजे. माहीम ते वांद्रे होडीने जायला लागायचं, होड्या उलटून माणसं जायची, आणि सरकार पूल बांधायला पैसे काढत नव्हतं. तेव्हा लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय ह्यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले, १८४० च्या दशकातले १ लाख ५७ हजार, आणि अट एकच घातली की ह्या रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाकडूनही टोल घ्यायचा नाही. १८४५ ला रस्ता सुरू झाला. दादर-माहीमच्या ज्या एल जे रोडवरून आपण हजार वेळा गेलोय तो त्यांच्याच नावाचा, लेडी जमशेटजी रोड.

माझगावसाठी संध्याकाळचा एक तास पुरे. डॉकयार्ड रोड स्टेशनच्या वर टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे, पाण्याच्या मोठ्या टाकीवर केलेली बाग, खाली हार्बरची लोकल आणि समोर गोदी. बाप्टिस्टा म्हणजे टिळकांचे सहकारी, काका बाप्टिस्टा म्हणायचे त्यांना, मुंबईचे महापौर होते. प्रत्येक बेटाला अशी एखादी टेकडी होती, तिच्यावर उभं राहिलं की समुद्र दिसायचा, इथे अजून दिसतो.

म्हाताऱ्या माणसांना विचारताना

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि हीच आपण पुढे ढकलतो. दिवाळीला सगळे जमले की मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा. पण "आजोबा, तेव्हाची मुंबई कशी होती" असं विचारलंत तर उत्तर येणार "फार छान होती रे, स्वस्ताई होती" आणि विषय संपला. बारीक विचारा. नळ किती वाजता यायचा आणि पहिला नंबर कोणाचा असायचा? गॅलरीत कोण कुठे झोपायचं? खोलीत किती माणसं होती आणि गावाहून नवीन कोणी आला की तो कुठे झोपायचा? समुद्राचा वास घरापर्यंत यायचा का, कुठल्या महिन्यात? पहिल्यांदा मुंबईला आलात ते बोटीने का एसटीने, कुठल्या धक्क्यावर उतरलात, घ्यायला कोण आलं होतं? कोकणातली जुनी माणसं बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरलेली असतात, त्यांना तो धक्का विचारा, मग बघा किती वेळ बोलतात.

आजीला वेगळं बसवून विचारा, सगळ्यांसमोर ती आजोबांनाच बोलू देते. चूल, स्टोव्ह, रॉकेलची रांग, मासेवाली कोण होती आणि उधारी ठेवायची का, मंगळागौर कुठे व्हायची. मध्ये तोडू नका, तारखा चुकल्या तर चुकू देत. फाईलला नाव आणि तारीख घालून दोन ठिकाणी सेव्ह करा, नुसतं फॅमिली ग्रुपवर टाकलं की चार महिन्यांनी सापडत नाही.

चाळ पाडून टॉवर झाला असेल आणि वॉचमन आत सोडत नसेल तर वाद घालू नका. जवळच्या नाक्यावर उभं राहा, देऊळ, शाळा, इराणी हॉटेल, दवाखाना ह्यातलं काहीतरी एक अजून असतंच, तिथून पावलं मोजत सांगा की इथे जिना होता, इथे नळ, इथे गणपती बसायचा. आम्ही हेच करतो. पोरं विचारतात मग आपलं घर कुठल्या मजल्यावर होतं, हवेत बोट दाखवायचं, तिथे.

अभिमान कसा सांगायचा

इथे जरा स्पष्ट बोलतो. आपण बेटावर जन्मलो म्हणून बेट फक्त आपलं असं पोरांना शिकवू नका. आपल्या आधी इथे कोळी होते, आगरी, भंडारी, पाचकळशी, पाठारे प्रभू होते, ईस्ट इंडियन म्हणजे इथलेच मूळचे ख्रिस्ती लोक होते, माहीमला मखदूम फकीह अली माहिमींचा दर्गा आहे, त्यांचं निधन १४३१ चं. आपले आजोबा-पणजोबा गिरण्यांसाठी आले, त्यांना ह्या बेटाने ठेवून घेतलं. हे माहीत असलेलं पोरगं दुसऱ्याला तू बाहेरचा असं पटकन म्हणत नाही, आणि कोणी त्याला म्हटलं तर दबतही नाही.

ती हुंड्याची गोष्ट सगळे गंमत म्हणून सांगतात, पोर्तुगालच्या राजाने १६६१ ला इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण दिली आणि १६६८ ला त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंडावर देऊन टाकली. मला ही गोष्ट अशी हसत सांगितलेली आवडत नाही. त्या वेळी इथे माणसं राहत होती, जाळी टाकत होती, भातशेती करत होती, त्यांच्या घरांचा सौदा लांब कुठेतरी झाला आणि त्यांना कोणी विचारलं नाही. पोरांना सांगताना त्यांच्या बाजूने सांगा. आणि त्यानंतर तीनशे वर्षांनी ही मुंबई महाराष्ट्रात राहावी म्हणून माणसांनी गोळ्या झेलल्या तेही सांगा, फ्लोरा फाउंटनला नेऊन हुतात्मा स्मारकासमोर उभं करून सांगा, कारण १ मे १९६० हा दिवस सुट्टीचा म्हणून आलेला नाही.

गावचं घर असेल तर तेही सोडू नका. कणकवली आपली आणि परळही आपलं, दोन घरं असलेल्या माणसाने एक का निवडायचं. शाळेच्या फॉर्मवर मूळ गाव लिहायचं असतं तिथे वडिलांचं गाव लिहा, पण कोणी तोंडी विचारलं तर पोराला दोन्ही नावं घेता आली पाहिजेत आणि दोन्हीबद्दल चार वाक्यं बोलता आली पाहिजेत.

सुरुवात कधी करायची तर नारळी पौर्णिमा धरा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यानंतर बोटी परत पाण्यात जायच्या, रंग दिलेल्या, पताका लावलेल्या, आणि वरळीला, माहीमला, कुलाब्याला नारळाची मिरवणूक निघते, घरोघरी नारळीभात. दुपारनंतर निघा, गर्दीत लहान पोरांचा हात सोडू नका, कोळीवाड्यात गाडी नेऊ नका, दादरहून बस नाहीतर टॅक्सी. जायच्या आदल्या दिवशी पोराला कॅलेंडर देऊन पंधराची पाऊणपट करायला बसवा, सव्वाअकरा आलं पाहिजे, त्यात सव्वासहा तास मिळवले की साडेपाच. म्हणजे पाणी संध्याकाळी उतरलेलं असेल, पण श्रावणातला समुद्र आहे, खडकांकडे जायचं नाही, धक्क्यावरूनच बघायचं. खडकांसाठी ऑक्टोबर उजाडला की पहिली त्रयोदशी शोधायला त्यालाच सांगा.